मरणाआधीचा खोकला

सोलापुरात एके काळी माझा आवाज सगळ्यांना ठाऊक होता आणि तोंड कुणालाच नाही. माझ्या शेजाऱ्याचं उलटं होतं. त्याचं तोंड गावाला पाठ होतं, पण आवाज कुणी ऐकला नव्हता. दोघं मिळून आम्ही एक अख्खा राक्षस होतो.

चित्रं मुकी होती तेव्हाची ही गोष्ट. पडद्यावर माणसं ओठ हलवायची, मग पडदा काळा व्हायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं बोलणं उमटायचं. इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि कंपनीची मेहेरबानी झाली तर मराठी. आमचं पब्लिक गिरणीतलं आणि मागावरचं. त्यातल्या निम्म्यांना सहीचा अंगठा कुठला एवढंच माहीत. म्हणून थेटरचा मालक एक वाचणारा ठेवायचा, तो मी. एरवी मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होतो. वर्गात पाढे म्हणायला लागलो की रस्त्यापलीकडच्या मुलींच्या शाळेतल्या बाई खिडक्या लावून घ्यायच्या. मालकानं तो आवाज एकदा जाता जाता ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला पडद्याशेजारच्या स्टुलावर नेऊन बसवलं. आधी मराठीत वाचायचं, मग एक ओळ कानडीत, मग मोडकंतोडकं तेलुगूत. तेलुगू मला गल्लीतल्या विणकरांनी शिकवलं होतं. त्यात शिव्या भरपूर होत्या, देवांच्या तोंडी घालण्यासारखं फारसं काही नव्हतं.

शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा माझा बालमित्र. तो बेने इस्राएल होता. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी घाणा बंद ठेवायचे. सोलापुरात त्यांची घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी अलिबागेकडून इकडे आले आणि त्याला मिसरूड फुटायच्या आत वारले. तापाच्या साथीत दोन थोरली भावंडं गेली होती. राहिले तो आणि त्याची आई. तिला मी मावशी म्हणायचो. नऊवारी नेसायच्या, कपाळाला मात्र कुंकू नाही, बोलणं खणखणीत. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक बारीक नळी ठोकलेली होती, आत त्यांच्या शास्त्राचा कागद. येता-जाता घरातली माणसं तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. मीही लहानपणी तसंच करायचो, आणि पुढं सवयीनं स्वतःच्या दारालाही करू लागलो, तेव्हा माझ्या आईनं मला झाडूनं बडवलं होतं.

मित्र गिरणीत फिटर होता. सहा फूट उंच, छाती दारात मावणार नाही अशी, आणि डोळे निळसर घारे. एकदा पुण्याची एक फिल्म कंपनी आमच्या भुईकोट किल्ल्यात लढाईची चित्रं घ्यायला आली. त्यांना गर्दीत उभे करायला धट्टेकट्टे पुरुष हवे होते. हा गिरणीतून खोटा निरोप धाडून तिकडे गेला आणि तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बरोबरच पुण्याला निघून गेला. त्याला हिरो व्हायचं होतं. दिसायला तो होताही तसा. पण त्या वेळच्या फिल्मला रंग नीट कळत नसत. त्याचे घारे डोळे पडद्यावर पांढरेफटक उमटायचे, आत बुबुळच नसल्यासारखे. पहिलं चित्र धुऊन आलं तेव्हा म्हणे कंपनीतला स्वयंपाकी ते बघून हातातली परात टाकून पळाला. मालकानं तिथल्या तिथं ठरवलं की असा राक्षस शोधून सापडायचा नाही.

तेव्हापासून तो राक्षस झाला. आणि राक्षस म्हटला की मरण आलं. दर चित्रात तो मरायचा. बाणानं, गदेनं, दोनदा कड्यावरून आणि एकदा देवाच्या नुसत्या बघण्यानं. यात त्याची एकच अट होती. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनवारी चांदण्या दिसेपर्यंत तो काम करणार नाही. तेव्हा सगळं काम उन्हातच चालायचं, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ कंपनीला अडत नव्हती, पण शनवार अख्खा बुडायचा. म्हणून आठवडाभर इतरांची कामं उरकत बसलेले लोक शुक्रवारी दुपारी धावपळ करून त्याला मारून मोकळे व्हायचे. "ऊन उतरलं, ह्याला आटपा आधी," असं ओरडायचे म्हणे. मग हा मेलेला राक्षस गोंदानं चिकटवलेली दाढी ओरबाडून काढायचा, आंघोळ करायचा आणि खोलीत दिवा लावून प्रार्थनेला बसायचा.

त्याचा आवाज मात्र पाप्याच्या पितराचा होता. एवढ्या देहातून भाजीचा भाव पाडणाऱ्या म्हातारीचा आवाज यायचा. सुटीवर घरी आला की गल्लीतली पोरं त्याला बघून आधी पळायची, आणि त्यानं "काय रे, शाळेत जात नाही का?" असं विचारलं की परत येऊन हसायची. मोठी माणसंही खट्टू व्हायची. थेटरात त्यांनी या तोंडातून माझा आवाज ऐकलेला असायचा, "सावध हो, मानवा!" असा, छपराचे पत्रे थरारतील असा. चहाच्या दुकानात गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, त्याला स्पष्टच म्हणाला, "तुमी नका बोलू. बसा नुस्ते. मास्तरला बोलू द्या की." त्यावर तो हसला. मी अधिक हसलो, हे कबूल करायला हवं. थोडी मस्ती चढली होती मला.

आता मावशींचं सांगतो. पोरगा राक्षस झाला याचं त्यांना वाईट नव्हतं. उलट बरंच वाटायचं. "राक्षस वाईट असतो, लोकांना कळतं. कुणी फसत नाही," असं त्या म्हणायच्या. प्रत्येक चित्र सोलापूरला लागलं की त्या रविवारच्या तीनच्या खेळाला येणार म्हणजे येणार. शनवारी त्या येत नसत, आणि रात्रीचा खेळ बायकांनी बघू नये असं त्यांचं मत होतं. बायकांची बाजू वेगळी, तिला बाहेर उघडणारं वेगळं दार, आणि दाराबाहेर कडुनिंबाखाली पाण्याचा माठ. मावशी अगदी दाराशी बसायच्या. कारण मुलाचं सगळं बघायची त्यांची तयारी होती, फक्त मरण बघायचं नव्हतं.

"दोघांचं बघितलंय मी," त्या मला पहिल्याच वेळी म्हणाल्या. "याचं खोटंसुद्धा बघणार नाही. ते आलं की मला सांग, मी बाहेर जाऊन बसेन."

पण सांगायचं कसं? मी पुरुषांच्या बाजूला, पडद्याखाली, स्टुलावर. चालू खेळात "मावशी, उठा" असं ओरडणं शोभलं नसतं. शेवटी ठरलं की मी तीनदा खोकायचं. रविवारपर्यंत माझे दोन-तीन खेळ बघून झालेले असत, त्यामुळे मरण कुठं येतं ते मला ठाऊक असायचं. मी खोकलो की बायकांच्या बाजूचं दार करकरायचं, उन्हाची एक पट्टी आत पडायची आणि पुन्हा बंद व्हायची. मावशी कडुनिंबाखाली पाणी पीत बसायच्या. आत त्यांचा मुलगा तडफडून मरायचा, पेटीवाला नि तबलजी घाम गाळायचे. खेळ सुटला की त्या मला विचारायच्या, "झालं?" मी म्हणायचो, "झालं." मग आम्ही घरी जायचो. त्यांच्या हिशेबी त्यांचा राक्षस एकाही चित्रात मेला नव्हता. शेवटी कुठंतरी निघून जायचा एवढंच.

गंमत अशी की काही महिन्यांत पब्लिकलाही हे कळलं. मास्तर तीनदा खोकला की राक्षसाची वेळ भरली. मी खोकलो की जमिनीवर बसलेली मंडळी शिट्ट्या मारायची, "आला, आला, काळ आला!" म्हणून टाळ्या पिटायची. एका थंडीत मला खरोखरीचं पडसं झालं. चित्र नुकतं सुरू झालेलं, राक्षस सिंहासनावर आरामात फळं खात बसलेला, आणि मला आली ढास. तीन कुठली, तेरा वेळा खोकलो. पब्लिकनं छप्पर डोक्यावर घेतलं. मावशी उठून बाहेर गेल्या त्या पुढचे दोन तास बाहेरच. खेळ सुटल्यावर त्यांनी मला असं झापलं की मी पडशावर गुळवेलीचा काढा दिवसातून तीन वेळा घ्यायला लागलो.

असं तीन-चार वर्षं छान चाललं. मग त्याचं पत्र आलं.

"मास्तर," त्यानं लिहिलं होतं, "परदेशातून नवी फिल्म आली आहे. तिच्यात माझे डोळे डोळ्यांसारखे दिसतात. कंपनीनं मला हिरोचं काम दिलं आहे. म्हणजे देवाचं. या खेपेला मी मरत नाही. आईला शेवटपर्यंत बसव. पण देव आहे म्हणून सांगू नकोस. तिला ते चालणार नाही. काय वाचायचं ते तुझ्या हातात आहे."

मला ते पत्र वाचून रडू आलं, खरंच सांगतो. एवढा मोठा माणूस, इतक्या वर्षांत त्याला एकदा जिवंत राहायला मिळत होतं. त्याच्या आईनं ते शेवटपर्यंत बसून बघावं, एवढंच त्याचं मागणं. आणि अडचण अशी की त्यांच्या धर्मात देवाची मूर्ती करणं पाप, चित्र काढणंही पाप. देव होऊन मिरवणं म्हणजे तर विचारायलाच नको. पण मावशींना वाचता येत नव्हतं. थेटरात जे मी म्हणेन ते खरं. मी ठरवलं, बाकीच्या खेळांना देव, रविवारी तीनला तेवढा देवाचा राजा करायचा.

कुठला देव होता ते सांगत नाही, भक्तमंडळी रागावतील. मी मावशींना जाऊन सांगितलं, "या खेपेला तो राजा झालाय. मरत नाही. मी खोकणार नाही."

"अजिबात नाही?"

"एकदाही नाही."

मावशींनी ठेवणीतलं लुगडं काढलं. रविवारी गल्लीतल्या चार बायकांना स्वतःबरोबर घेऊन आल्या. आणि पहिल्यांदाच दाराजवळची जागा सोडून मधोमध जाऊन बसल्या.

मी मास्तर. शब्द बदलला की काम झालं, असं समजणारी आमची जात. चौथीतल्या पोरांना कविता शिकवताना मी असाच वागायचो. पब्लिकला मी हिशेबात धरलंच नव्हतं. देवाचं चित्र लागलं की आमच्या थेटरात लोक पायताणं बाहेर काढून येत. पडद्याखाली मालकानं एक दगड खास नारळ फोडायला ठेवला होता, तो माझ्या स्टुलापासून दोन हातांवर. हे सगळं मी रोज बघत होतो आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. शहाणपणाला मी कधीच कमी नव्हतो, अक्कल तेवढी उशिरा यायची.

चित्र सुरू झालं. भक्त संकटात सापडला, त्यानं हाका मारल्या आणि ढग बाजूला होऊन माझा मित्र प्रकटला. डोक्यावर मुकुट, डोक्यामागं तेजाचं वलय, आणि डोळे खरंच डोळ्यांसारखे. इतका देखणा तो मला आधीच्या कुठल्याच चित्रात दिसला नव्हता. पडद्यावर अक्षरं आली, "भक्ता, भिऊ नकोस, मी आलो आहे." मी घसा साफ केला आणि ठणकावून वाचलं, "राजा म्हणतो, प्रजाजनहो, घाबरू नका!"

जोडायला उचललेले हात थेटरभर तसेच अडकले. मग जमिनीवरून एक आवाज आला, "मास्तर, राजा कुटला? द्येव हाय की त्यो!"

"राजाच आहे," मी म्हणालो.

"देवुडु!" विणकरांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं. "देवरु, देवरु!" अक्कलकोटकडची मंडळी उठून उभी राहिली. मागच्या बाकावरचा एक टांगेवाला म्हणाला, "मास्टर, बराबर पढो ना. पैसे दियेले हैं." आणि तालमीतला एक पैलवान, ज्याच्या हातात नारळ होता, तो सावकाश माझ्याजवळ आला नि म्हणाला, "मास्तर, नीट वाचा. न्हायतर ह्यो नारळ त्या दगडावर फुटायचा न्हाय." तो माझ्या डोक्याकडे बघत होता.

मी भ्यालो. लपवत नाही. पुढची अक्षरं आली तेव्हा मी मान खाली घालून वाचलं, "देव म्हणतो..."

मग जे व्हायचं ते झालं. सगळं थेटर उभं राहिलं, हात जोडले गेले, फुलं उडाली, दगडावर नारळ फुटले, पेटीवाल्यानं आपण होऊन आरतीचा सूर धरला. आणि त्या गलक्यात बायकांच्या बाजूनं मला ओळखीचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"बसा खाली! बसा म्हणते ना! पाया कुणाच्या पडताय? माझा पोरगा आहे तो! सात वर्षांचा होईस्तोवर अंथरूण ओलं करत होता!"

पेटी थांबली. पडद्यावर माझा मित्र हात वर करून आशीर्वाद देतच राहिला. लोक बायकांच्या बाजूकडे माना वळवून बघायला लागले. मला वाटलं, आता दंगल होणार. पण होटगीकडचा एक म्हातारा शेतकरी, पांढऱ्या पटक्याचा, शांतपणे म्हणाला, "मग काय झालं? द्येवाला बी आय असतीच की." आणि त्यानं मावशींच्या दिशेला वळून हात जोडले.

झालं. देवाची आई थेटरात बसली आहे ही बातमी एका क्षणात इकडून तिकडे गेली. बायका मावशींच्या पायांवर कोसळल्या. कुणी कडेवरचं पोर त्यांच्या मांडीवर टाकलं, कुणी समोर खण ठेवला. मावशी ओरडत होत्या, "अगं सोडा, अगं पाप लागेल मला!" आणि बायका म्हणत होत्या, "द्येवाची आय, किती साधी बोलतीया." शेवटी मावशी कशाबशा त्या दारातून निसटल्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी वहाणा घालून घरी पोचल्या. एक वहाण मोठी, एक लहान.

नंतरचे पंधरा दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी त्यांच्या दारात फुलं पडलेली असायची, नारळ ठेवलेले असायचे, आणि दाराच्या चौकटीवरच्या त्या नळीला कुणीतरी शेंदूर लावून ठेवला होता. मावशी रोज पहाटे उठून पाण्यानं सगळं धुऊन काढायच्या. माझ्याशी त्या बोलत नव्हत्या. मग एका संध्याकाळी मला हाक मारली, पाट दिला, समोर दौत ठेवली.

"लिही," त्या म्हणाल्या. "तू खोटं वाचलंस ते मी विसरले नाही. पण लिहायला दुसरं कोण आहे? जे सांगेन तेच लिही."

मी लिहू लागलो. त्यांनी एकेक वाक्य थांबून सांगितलं. मला ते अजून जसंच्या तसं आठवतं.

"चिरंजीवास आईचा आशीर्वाद. तू देव झालास ते मी बघितलं. लोक तुझ्या पाया पडले. मला लाज वाटली. आणि तू फार सुंदर दिसत होतास. दोन्ही लिही, मास्तर. आपल्यात देवाचं चित्र काढत नाहीत, तू तर अंगच दिलंस. पुन्हा देऊ नकोस. राक्षस हो, चोर हो, दरोडेखोर हो. मेलास तरी चालेल. तू मरशील तेव्हा मी उठून जाणार नाही. शेवटपर्यंत बसेन."

मला मावशींचा राग आला. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला असेल. पोराला इतक्या वर्षांनी यश आलं होतं, चित्र पुण्या-मुंबईला तुफान चाललं होतं, पुढंही देवच मिळणार होते. आणि ही बाई त्याला परत मरायला सांगत होती. मी म्हणालो, "मावशी, त्याची जिंदगी आहे ही."

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. "वाच परत."

मी वाचलं. त्या ऐकत राहिल्या, मग पत्र माझ्या हातातून घेतलं, उठल्या, दारात गेल्या आणि पलीकडे पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनला थांबवून त्याच्याकडून ते पुन्हा वाचून घेतलं. माझं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. खोटं लिहायचा मोह झाला होता, तो मी आवरला होता. पण पोस्टमन वाचत असताना माझे कान तापले, ते मला चांगलं आठवतं.

महिनाभर उत्तर नाही. मग कार्ड आलं. "कंपनीनं दुसरा देव देऊ केला होता. नको म्हटलं. मालक म्हणाला, मूर्ख आहेस. मी म्हटलं, असेन. राक्षस घेतला आहे. या खेपेला मरण लांबलचक आहे, आईला आधीच सांगून ठेव."

मी सांगितलं. मावशी नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या.

ते चित्र सोलापूरला पोचायच्या आतच बोलपट आले. पुण्याच्या कंपनीत सगळ्या नटांची आवाजाची परीक्षा झाली. माझा मित्रही परीक्षेला गेला. छतावरून आवाज टिपणारं एक यंत्र पडवळासारखं लोंबत होतं, त्याच्याखाली उभं राहून गा म्हणाले. त्याला एकच गाणं येत होतं, शनवार संपला की घरी म्हणतात ते त्यांच्या देवळाच्या भाषेतलं. तो डोळे मिटून गायला. यंत्रावरच्या साहेबानं कानावरचं काढून ठेवलं आणि विचारलं, "आत कोणी बाई आहे का?" दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन सोलापूरच्या गाडीत बसला. मला हे सांगताना तो स्वतःच इतका हसला की मला हसावं की नाही ते कळेना. देव केला असता तरी हेच झालं असतं, हे मला तेव्हा उमगलं, आणि मावशींवरचा राग गेला. तोपर्यंत तो मी जपून ठेवला होता, उगाच.

त्याचं शेवटचं चित्र आमच्या थेटरात लागलं तेव्हा मागच्या खोलीत बोलपटाच्या यंत्राच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. म्हणजे माझंही शेवटचं वाचन. रविवारी तीनला मी स्टुलावर बसलो. तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला, उपरणं तोंडावर ओढून. मावशी दाराजवळच्या आपल्या जुन्या जागेवर.

मी त्या दिवशी जीव ओतून वाचलं. माझा आवाज कधी नव्हे इतका लागला. मित्र मधूनच कुजबुजायचा, "मास्तर, एवढं नाही हं मी ओरडलो." मग शेवटचं युद्ध सुरू झालं. बाण भात्यातून निघाला. मला माहीत होतं, मावशींनी बसायचं कबूल केलं आहे. पण मला वाटलं, कबूल करणं वेगळं. त्यांना जायचं झालं तर वाट मोकळी असावी. म्हणून मी तीनदा खोकलो.

पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. "आला, आला!" सगळ्यांच्या माना बायकांच्या दाराकडे वळल्या. दार करकरलं नाही.

त्याला बाण लागला. तो पडला, उठला, दोन पावलं चालला, पुन्हा पडला. झाडाला धरून उभा राहिला. कंपनीनं त्या शुक्रवारी घाई केलेली नव्हती. पेटीवाला सूर लांबवत लांबवत थकला. माझ्याजवळ वाचायला काही नव्हतं, पडद्यावर अक्षरंच नव्हती, नुसतं मरण. माझ्या कानाशी तो बारीक आवाज आला, "बाहेर गेली का?"

"नाही," मी म्हणालो.

पडद्यावरचा राक्षस मेला आणि थेटरात दिवे लागले.

मावशी सगळ्यांच्या नंतर बाहेर आल्या. कडुनिंबाखाली आम्ही दोघं उभे होतो. त्यांनी त्याच्या अंगावरचं उपरणं बाजूला केलं आणि छातीकडे बघून विचारलं, "कुठं लागला?"

"आई, पुठ्ठ्याचा होता तो," तो हसत म्हणाला.

"ते मला कळतं. कुठं लागला ते विचारतेय."

त्यानं सदऱ्यावर डाव्या बाजूला बोट ठेवलं. मावशींनी त्या जागी तळहात ठेवला आणि दुखरी जागा चोळावी तसा बराच वेळ चोळला. लोक बाजूनं जात होते, बघत होते. त्याचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. माठावरचं झाकण उघडंच होतं, ते मी उगाच जाऊन नीट लावून आलो.

"चल," मावशी म्हणाल्या. "भात निवतोय."

चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मास्तर, त्या खोकल्यावर आता औषध घे."